सव्वीस आठवड्यांची जागल

विनिताला एकच गोष्ट हवी होती. आपली पोर आपलीच राहावी. ऐकायला हे खुळ्यासारखं वाटतं. पोटची पोर आपली नाही राहणार तर कुणाची राहणार? पण चार महिन्यांचं तान्हं घरी ठेवून रोज आठची बस गाठायला जी बाई धावते, तिला विचारून बघा. छातीला दूध दाटून येतं तेव्हा समोर पोर नसते, कंटेनरच्या नंबरांची यादी असते. संध्याकाळी घरी यावं, तर पोर सासूच्या खांद्यावरून आपल्याकडे पाहुण्यासारखी बघते. असं दोनदा-तीनदा झालं की बाईच्या पोटात जो खड्डा पडतो, तो मग भरत नाही.

विनिता बी.एस्सी. झालेली. द्रोणागिरीच्या एका गोदाम कंपनीत ती मालाची आवक-जावक संगणकावर बघायची. नवरा परेश बंदरावर क्रेन चालवायचा, बारा-बारा तासांच्या पाळ्या. तो घरात असला तर झोपलेला असे. पोर सांभाळायला उरणच्या कोळीवाड्यातून सासू आली होती, ठमाबाई. मासे विकून परेशला शिकवलेली, अंगानं उंच आणि आवाजानं त्याहून उंच. पोरीचं नावही तिनंच ठेवलं, एकविरा आईवरून, विरा.

गोदामाच्या मागच्या अंगाला कंपनीनं नवं पाळणाघर काढलं होतं. गार हवा, रंगीत गाद्या आणि जागा मोजून बारा. तिथं जागा मिळालेल्या आईला दर दोन तासांनी पंधरा मिनिटं पोराला पाजायला सुट्टी. विनितानं ते पाळणाघर काचेतून पाहिलं, त्या दिवशी तिला जेवण गेलं नाही. पोर भिंतीपलीकडे असणार. दिवसातून चार वेळा मांडीवर घेता येणार. पण जागेला अट होती. सलग सव्वीस आठवडे जागलचे गुण ऐंशीच्या वर हवेत. एक आठवडा खाली आला की मोजणी पुन्हा पहिल्यापासून.

जागल म्हणजे पोराच्या घोट्याला बांधायचा मऊ पट्टा आणि पाळण्यावर टांगलेला कॅमेरा. पोराचा श्वास, काळजाचे ठोके, झोप, अंगाची ऊब, रडणं, सगळं त्यात मोजलं जाई, आणि आईच्या मोबाईलवर एक हिरवी रेघ सरकत राही. पोर शांत निजलं की गुण वाढत. पोर रडलं, खोलीत धूर झाला, पोर उन्हात नेलं, वेळेआधी अंघोळ घातली, की गुण कापले जात. आणि गुण पोराला नसत. मोबाईलवर स्पष्ट लिहून येई, 'आईची सजगता : ८४'.

सुरुवातीला कंपनीनं दिलं म्हणून घेतलेलं ते यंत्र विनिताच्या अंगात कधी भिनलं, ते तिलाही कळलं नाही. बसमध्ये रेघ, जेवताना रेघ, वरिष्ठांसमोर टेबलाखाली रेघ. संडासात तर ती रेघ बघायलाच जायची. रविवारी विरा तिच्या कुशीत असायची, आणि ती झोपली की नाही हे बघायला विनिता मोबाईल उचलायची. परेश एकदा हसून म्हणाला होता, की पोर तुझ्या उजव्या हाताला आहे गं, मोबाईल डाव्या. विनिता त्यावर हसली नाही.

ती राहत होती त्या पनवेलच्या संकुलातही जागल शिरली होती. तळमजल्यावर लिफ्टसमोर पडदा, त्यावर आठवड्यातल्या पहिल्या दहा आयांची नावं. सातव्या मजल्यावरच्या मोनालीनं 'जागत्या आया' नावाचा गट काढला होता, त्यात रोज सकाळी गुण टाकायचे. फाटकालाही जागल जोडली होती. पट्टा बांधलेलं पोर आईच्या परवानगीशिवाय बाहेर जाऊ लागलं की आडवा दांडा पडे आणि भोंगा वाजे. पोरं सुरक्षित राहतात, असं सोसायटीचे सेक्रेटरी कमलाकर सर सभेत म्हणाले, आणि सगळ्यांनी हात वर केले. विनितानं सगळ्यांच्या आधी.

या सगळ्यात अडचण एकच होती. ठमाबाई.

ठमाबाईच्या हिशेबी तान्ह्या पोराला सकाळी ऊन द्यायचं, खोबरेल तेलानं हातपाय मळायचे, कडक पाण्यानं न्हाऊ घालायचं आणि मग शेगडीवर ओवा-वावडिंग टाकून धुरी द्यायची. दोन पोरं तिनं अशीच वाढवली होती. पण तेलानं पट्टा सरके, उन्हानं अंगाची ऊब वाढे, धुरानं कॅमेरा खवळे, आणि गोदामात विनिताचा मोबाईल थरथरू लागे. मग फोन. आई, धूर बंद करा. आई, तिला आत घ्या. आई, पाच मिनिटं झाली ती रडतेय. एकदा ठमाबाई म्हणाली, की पोर रडनारच, ती काय फोटो हाय?

चौदाव्या आठवड्यात गुण ब्याऐंशीवर आले. पंधराव्यात साडेऐंशी. त्या शनिवारी संध्याकाळी विनिता सासूला नको नको ते बोलली. तुमच्या कोळीवाड्यात पोरं जगत असतील धुरात, माझी नाही जगणार, असं म्हणाली. मग विनिता स्वयंपाकघरात गेली आणि ओट्याला टेकून रडली. नळ सोडून रडली, म्हणजे बाहेर ऐकू जाऊ नये. पण पाण्याच्या आवाजाखालचं ऐकायची सवय ज्या कोळणीला आयुष्यभराची, तिला नळ सोडून काय फसवणार?

सोळाव्या आठवड्यात गुण चौऱ्याण्णव आले.

विनिताला आधी खरंच वाटेना. दिवसभर रेघ कशी, तर खाडीच्या पाण्यासारखी संथ. पोर निजलेली. उठली तरी शांत. अकराला, एकला आणि तीनला विनिता मोबाईलमधला माइक दाबून पाळण्यातल्या पोरीशी बोलायची, "कोण आहे माझी राणी? आई कुठाय?" आणि रेघ लगेच मऊ व्हायची, ठोके शंभरावर येऊन टेकायचे. 'बाळाने आईचा आवाज ओळखला' असं लिहून येई, दोन गुण जादा. ती दोन गुणांची कमाई विनिता दिवसभर जिभेवर घोळवायची. रात्रीचे गुण तेवढे कमी येत, सत्तरीत; आठवड्याच्या हिशेबात रात्र थोडीच धरली जाई. पण त्याला कारणं पुष्कळ देता येतात. दात येत असतील, उकडत असेल.

सासूनं ऐकलं एकदाचं, असं तिनं धरून चाललं. तिनं ठमाबाईला एक नारळी काठाची साडीही आणली. ठमाबाईनं ती घडी न मोडता पेटीत ठेवली.

लिफ्टसमोरच्या पडद्यावर विनिताचं नाव पाचवं आलं, मग तिसरं. सात आठवडे पहिलं राहिलं. गटात ती रोज जागलनं काढलेला विराचा फोटो टाकायची. तो फोटो म्हणजे पूर्ण खरा फोटो नसे. पोरांचे चेहरे चोरीला जाऊ नयेत म्हणून जागल त्यांच्यावरून आपला हात फिरवी. गाल गुबगुबीत करी, रंग उजळवी, डोळे मोठे करी. मोबाईलवर सगळी पोरं एका साच्यातल्या मोदकांसारखी दिसत. "किती गोड!" मोनाली लिहायची. विनिताही तो फोटो बोटांनी मोठा करकरून बघायची, आणि तिचा ऊर भरून यायचा.

सव्विसाव्या आठवड्यातला मंगळवार होता. गोदामातला मोठा ट्रान्सफॉर्मर उडाला आणि दुपारी बारालाच सगळ्यांना सोडलं. बसमध्ये बसून विनितानं रेघ पाहिली. पोर झोपलेली, श्वास मिनिटाला अठ्ठावीस, ऊब उत्तम. लिफ्टमध्ये पाहिली. तेच. दाराला किल्ली लावली तेव्हाही मोबाईल डाव्या हातातच होता, आणि हिरवी रेघ म्हणत होती की बाळ पाळण्यात गाढ झोपले आहे.

आणि गॅलरीतून विराच्या खिदळण्याचा आवाज आला.

ठमाबाई पाय पसरून उन्हात बसली होती, पायांवर विरा उताणी, नागडी, तेलानं चकाकणारी. शेजारी शेगडी, ओव्याचा वास. ठमाबाई तिच्या पोटावर बोटं नाचवत होती आणि पोर अशी हसत होती, की विनितानं तसं हसू आजवर ऐकलंच नव्हतं. तिनं मोबाईलकडे पाहिलं. बाळ गाढ झोपले आहे.

तशीच ती आतल्या खोलीत गेली. मच्छरदाणी बाजूला केली. पाळण्यात विराएवढीच एक पोर निजली होती. सावळी, कपाळावर काजळाचा मोठा ठिपका, अंगात विराचं झबलं, डोक्याला विराची टोपी. आणि घोट्याला पट्टा.

ठमाबाई मागे येऊन उभी राहिली. लपवलं नाही तिनं काही. शेजारच्या टॉवरचं काम चालू होतं, तिथं साळू विटा वाहायची. कर्नाळ्याच्या पायथ्याच्या वाडीतली कातकरी बाई. ही तिची पोर, दिपा. आधी ती बांधकामावर सिमेंटच्या धुळीत झोळीत निजायची. ठमाबाईनं खालून भाजी आणताना पाहिलं आणि वर आणली. साळू सकाळी बांधकामाकडच्या मागच्या वाटेनं येऊन पोर सोडते, दुपारी पाजून जाते, साडेपाचला घेऊन जाते. ती न्यायला आली की पट्टा काढायचा आणि विराला बांधायचा, विनिता येण्याआधी.

"पोर गरीब हाय," ठमाबाई म्हणाली. "धुळीत निजनारी पोर ती, मऊ गादीवर टाकली की दिवसभर झोपतंय. मग गुन का नाय येनार?"

विनितानं एवढंच विचारलं. का?

तेव्हा ठमाबाईनं सांगितलं. बोटींवर आता डबा बसवतात. बोट कुठं हाय ते त्यात कळतं. तर पावसाळी मासेमारीबंदीच्या दिवसांत वाड्यातले दोघं-तिघं काय करायचे, आपला डबा काढून दुसऱ्याच्या नांगरलेल्या बोटीला बांधायचे आणि आपण खुशाल आत दर्यात जायचे. डबा सांगे बोट धक्क्याला हाय. कागद बरोबर, मासळीपन बरोबर. "तू त्या दिवशी नळ सोडून रडलीस," ती म्हणाली. "मला वाटलं, डब्याला पायजे तशी एक बोट दाखवू, आनि आपली बोट आपुन आपल्या मनाने चालवू. तुजं पन समाधान, पोरीचं पन."

"अकरा आठवडे, आई! अकरा आठवडे मी दुसऱ्याच्या पोरीशी..."

"तू बघत व्हतीस ना रोज?" ठमाबाई शांतपणे म्हणाली. "दिवसातून धा वेळा बघत व्हतीस. मग वळखलं नाय कसं?"

विनिता सांगू लागली की त्या फोटोत खरा चेहरा नसतो, यंत्र चेहरा बदलतं. वाक्य अर्ध्यावर आलं आणि तिचं तिलाच ते ऐकवेना. गॅलरीत विरा एकटीच पडली होती, ती कुरकुरली. ठमाबाई वळली आणि पोरीकडे गेली. विनिता पाळण्यापाशीच उभी राहिली, कारण मोबाईल थरथरला होता. तिचा आवाज चढल्यामुळे खोलीत गोंगाट झाला होता. एक गुण कापला गेला.

परेशला तिनं सांगितलं नाही. सांगणार होती, पण तो पाळीवरून आला तो जेवताना डुलक्या खात होता. ती पाठ करून पडली आणि मनात हिशेब मांडत राहिली. आज मंगळवार. सव्विसावा आठवडा शनिवारी संध्याकाळी सहाला बंद होणार. आतापर्यंत सरासरी त्र्याण्णव. उद्या पट्टा विराला बांधला, तर काय होईल? विरा आता रांगते, पट्टा ओढते, तोंडात घालते. अंगभर तेल. रात्रीचे सत्तर, दिवसाचेही साठ-सत्तर. आठवडा बुडणार. आणि एक आठवडा बुडाला की पंचवीस बुडाले. मग आणखी सहा महिने. तोवर विरा चालायला लागेल, बोलायला लागेल, आणि पहिली हाक मारेल ती आजीला.

चारच दिवस आहेत, तिनं स्वतःला सांगितलं. चार दिवसांनी हे सगळं खोटं संपेल. सोमवारी पोर माझ्याबरोबर द्रोणागिरीला. मग पट्टा खरा, पोर खरी, सगळं खरं.

बुधवारी सकाळी साळू पोरीला घेऊन आली तेव्हा दार विनितानं उघडलं. साळू चपापली. काटकुळी, विशीतली, डोक्यावर चुंबळ तशीच. घरची बाई आता हाकलणार असं तिच्या तोंडावर उमटलं. पण विनितानं हसून पोर हातात घेतली, आत नेऊन पाळण्यात ठेवली आणि पट्टा स्वतःच्या हातानं तिच्या घोट्याला बांधला. हिरवा दिवा लागला. बाळ सुखरूप आहे. साळूला तो पट्टा म्हणजे दृष्टीचा काळा दोराच वाटत असावा. ती खूश झाली.

"तुमच्या घरात माजी पोर बाळसं धरली, ताई," ती म्हणाली. "वाडीवर बायका इचारत्यात, काय चारतीस म्हनून."

ठमाबाई हे सगळं स्वयंपाकघराच्या दारातून बघत होती. साळू गेल्यावर ती एवढंच म्हणाली, "आता तू पन."

विनिताला ते लागलं. पण बसची वेळ झाली होती.

अकराला तिनं माइक दाबला. पलीकडे कोण आहे हे आता ठाऊक होतं, म्हणून तो सोडून पुन्हा दाबला. "कोण आहे माझी राणी?" कसंबसं म्हणाली. रेघ मऊ झाली. दोन गुण. गुरुवारी पुन्हा दाबावा लागला नाही. शुक्रवारी तर अकराच्या आधीच तिचा हात माइककडे गेला, आणि तीनला बोलताना तिनं गाण्याची एक ओळही म्हटली. पोर पलीकडे हुंकारली. विनिता गालात हसली. शेजारच्या टेबलावरच्या मुलीनं विचारलं, काय म्हणतेय लेक? आणि विनिता म्हणाली, गाणं आवडलं तिला.

घरी मात्र ती विराला घ्यायला गेली की विरा अंग ताठ करायची.

शनिवारी निघताना तिनं सासूला बजावलं, की साळू साडेपाचला आली तरी थांबवा. चहा द्या, काही करा. सहा वाजेपर्यंत पट्टा निघता कामा नये. ठमाबाई विराचे तळवे चोळत राहिली.

शनिवारी गोदाम साडेचारला सुटे. बस करंजाड्यापाशी रखडली. विनिता खिडकीला डोकं टेकून सोमवारची पिशवी मनात भरत होती. दोन दुपटी, तीन झबली, तो लाल खुळखुळा. साडेपाच झाले तेव्हा रेघ अजून हिरवी होती. गुण, चौऱ्याण्णव.

ती संकुलाच्या कोपऱ्यावर उतरली आणि मोबाईल किंचाळला.

असा आवाज तिनं आजवर ऐकला नव्हता. पडदा लाल. 'तुमचे बाळ परवानगीशिवाय बाहेर नेले जात आहे.' तिला ठाऊक होतं बाळ कोणाचं आहे ते. तरी ती अशी धावत सुटली की पायातली चप्पल निसटली.

झालं होतं ते साधंच होतं. टॉवरचं काम संपलं होतं. मुकादमानं साडेपाचला सांगितलं की सगळ्यांना आत्ताच गव्हाणच्या साइटवर न्यायचंय. साळूचा नवरा सकाळीच पुढं गेला होता. ट्रक फाटकाबाहेर हॉर्न मारत होता. साळू धावत वर गेली. दार नुसतं लोटलेलं, ठमाबाई मोरीत विराला न्हाऊ घालत होती. साळूनं बाहेरूनच हाक दिली, जाते गं आये, पोर पाळण्यातून उचलली, लुगड्यात गुंडाळली आणि खाली आली. दृष्टीचा दोरा काय, राहिला पायातच. फाटकाशी दांडा पडला आणि भोंगा वाजू लागला.

विनिता पोचली तेव्हा वीस-पंचवीस माणसं जमली होती. वॉचमन हरेशनं साळूचा दंड धरला होता. पोर मोनालीच्या हातात होती आणि जिवाच्या आकांतानं रडत होती. साळूचा पदर खाली लोळत होता.

"माजी पोर हाय ती," साळू पुन्हापुन्हा म्हणत होती. "दादा, माजी हाय. तुमी इचारा."

"पट्टा खोटं बोलतो का?" कमलाकर सर म्हणाले. त्यांनी आपला मोबाईल सगळ्यांना दाखवला. फ्लॅट नऊशे चार, विरा परेश कोळी, सव्वीस आठवड्यांची नोंद. "पोलिसांना लावा फोन. या बांधकामवाल्या बायकांवर मी सभेतच बोललो होतो."

तेवढ्यात साळूला विनिता दिसली. तिच्या तोंडावरचं भय एकदम ओसरलं. बुडणाऱ्याला काठ दिसावा तसं. "ह्या बघा ताई आल्या," ती म्हणाली. "ह्यांना इचारा. ताई, सांगा यांना."

सगळे वळले. मोनालीनं रडणारी पोर पुढे केली आणि विनितानं घेतली. हात आपोआप पुढे गेले. "ओ ओ ओ," ती म्हणाली, "कोण आहे माझी राणी?" एवढंच. पोर हुंदका अर्ध्यावर टाकून गप्प झाली. तिनं मान वर केली, विनिताच्या तोंडाकडे पाहिलं, जणू इतके दिवस नुसता ऐकलेला आवाज कुठून येतो ते आज तिला सापडलं होतं. मग विनिताच्या खांद्यावर गाल टेकला. घोट्यावरचा दिवा हिरवा झाला. भोंगा थांबला.

"बघा," गर्दीतलं कुणीतरी म्हणालं. "आई ती आई."

विनिताच्या तोंडात दोन वाक्यं तयार होती. ही साळूची पोर आहे, हे एक. ते म्हटलं की पट्टा कुणाच्या पायात होता हे आलं, मग अकरा आठवडे आले, मग खोटी नोंद, मग सोमवार गेला. कायमचा गेला. दुसरं वाक्य लहान होतं.

"सोडा तिला," विनिता म्हणाली. "मीच सांगितलं होतं, खाली फिरवून आण म्हणून. परवानगी द्यायची राहिली माझ्याकडून."

हरेशनं दंड सोडला. कमलाकर सर नाराज झाले, पण विनिताला म्हणाले, की मॅडम, तुम्ही फार भोळ्या आहात, असल्यांच्या हाती पोर देऊ नये. मोनाली म्हणाली, एवढं होऊनही किती शांत राहिलीस गं! मोबाईल थरथरला. तातडीनं प्रतिसाद दिल्याबद्दल पाच गुण जादा.

साळूला पोलिसांपासून वाचवलं होतं, एवढं तिला कळलं होतं. पण कोणत्या शब्दांनी वाचवलं, तेही कळलं होतं. ती विनिताच्या हातातल्या पोरीकडे बघत उभी राहिली. हात थोडे पुढे आलेले, पण पुढे करायची हिंमत नसलेले.

लिफ्टचं दार उघडलं आणि ठमाबाई बाहेर आली. अनवाणी, ओल्या लुगड्यात. कडेवर विरा, पंच्यात गुंडाळलेली, केसांतून पाणी टपकतंय, अंगाला ओव्याचा वास. गर्दी बघून ती थांबली. मग सावकाश पुढे आली आणि सुनेसमोर उभी राहिली. दोघींच्या कडेवर दोन पोरी.

"अगं बाई, आणि ही कोणाची?" मोनालीनं विचारलं.

कुणी वाईट मनानं विचारलेलं नव्हतं. वीस-पंचवीस तोंडं विनिताकडे वळली, कारण उत्तर तिनंच द्यायचं होतं. विराला आजवर कुणी खाली पाहिलंच नव्हतं. पोराला खाली नेलं की गुण कापले जात. मासळीच्या बाजारात गिऱ्हाईक किती भाव सांगतं ते ऐकायला थांबावं, तशी ठमाबाई थांबली.

विरा आईकडे बघत होती. पाहुण्यासारखी.

"ती," विनिता म्हणाली. "ती साळूची."

ठमाबाईच्या तोंडावरची रेषा हलली नाही. तिनं कडेवरची नात उचलली आणि साळूच्या पुढे केली.

"घे गो साळू," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "तुजी पोर तू घे. मॅडमची मॅडमला भेटली."

साळूनं विराला घेतलं. काय करावं ते न कळून घेतलं, पण घेताना मान सावरली, पंचा नीट केला. विरा तिच्या गळ्यातल्या मण्यांशी खेळू लागली. बाहेर ट्रकनं पुन्हा हॉर्न दिला, लांबलचक. "चल गं, जा आता," हरेश साळूला म्हणाला, चूक झाल्यासारखा थोडा मऊ होऊन. "गाडी निघाली बघ तुझी." त्यानं दांडा वर केला. विराच्या पायात पट्टा नव्हता, म्हणून काही वाजलं नाही.

साळू एक पाऊल गेली आणि वळली. दुसरं गेली आणि वळली. ट्रकमधल्या बायका हात करून तिला बोलावत होत्या. तिची नजर विनिताच्या खांद्यावर निजू लागलेल्या आपल्या पोरीवर होती, आणि ती वाट बघत होती. फाटकातली एकूण एक माणसं कसली ना कसली वाट बघत होती.

विनितानं पोरीच्या पाठीखालून हात काढला, मोबाईल वळवून पाहिला. पाच वाजून सेहेचाळीस मिनिटं.

"साळू," तिनं हाक मारली. आवाज अगदी गोड लागला. "जरा थांब ना गं. चौदाच मिनिटं."